आठव्या तासाची पट्टी

'रीडिंग नॉर्मल आहे' असं कुणी म्हणालं की हल्ली माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. हे वाक्य मी स्वतः एकशे ब्याण्णव वेळा लिहिलं आहे, प्रत्येक वेळी खाली सही करून. तेव्हा या हकिकतीत मला सगळ्यात जास्त राग कुणाचा येतो हे आधीच सांगून टाकते. बाकीच्यांचा नंबर नंतर आहे, पण त्यांनाही मी सोडणार नाही.

मी त्रिशला मगदूम. कागलच्या पुढे नव्या औद्योगिक वसाहतीत 'अभेद्य गॅल्व्हनायझिंग' नावाचा कारखाना आहे, तिथे मी केमिस्ट होते. लोखंडावर जस्ताचा थर चढवायचा, हे आमचं काम. विजेचे मनोरे, हायवेचे कठडे, सौर पॅनेलचे सांगाडे, सगळं आमच्याकडून जायचं. पण जस्त चढण्याआधी लोखंडावरचा गंज निघावा लागतो, आणि त्यासाठी ते हायड्रोक्लोरिक आम्लाच्या टाकीत बुडवून ठेवतात. अशा अकरा टाक्या एका लांबलचक शेडमध्ये होत्या. टाक्यांवरून दिवसभर वाफ उठायची. छतावरचे पंखे ती ओढून घ्यायचे, तरी थोडी उरायचीच, आणि उरलेली माणसांच्या नाकातोंडात जायची.

त्या शेडमध्ये आठ माणसं होती. त्यातला एक माझा धाकटा भाऊ भरमगोंडा, म्हणजे आमचा भरमा. क्रेनच्या साखळ्या लोखंडाला अडकवायच्या आणि पहिल्या टाकीत माल सोडायचा, हे त्याचं काम. गावच्या कबड्डी संघात तो चढाईला जायचा. एका दमात पंचेचाळीस सेकंद 'कबड्डी कबड्डी' घुमवायचा, आणि घरी माझ्या कानाशी येऊन तसाच घुमवून मला वात आणायचा.

शेडचे मुकादम होते दस्तगीर मुल्ला. सगळे त्यांना चाचा म्हणत. चाचांचे पुढचे चार दात निम्मेच उरले होते. तरुणपणी ते दुसरीकडे अशाच एका शेडमध्ये होते, तिथे वाफेने खाल्ले. आम्लाची वाफ थुंकीत विरघळते, थुंकी आंबट होते, आणि आंबट थुंकीत दातावरचं कडक आवरण हळूहळू विरघळत जातं. ते जायला लागलं की दात आंबतात. कैरी खाल्ल्यावर आंबतात तसेच, फक्त कैरी न खाता.

म्हणून चाचांनी आपल्या शेडला एक नियम घालून दिला होता. दात आंबलं की भाईर.

दाराशी रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा टांगलेला होता, खाली एक पाना. ज्याचे दात आधी आंबतील त्याने पाना घेऊन रूळ वाजवायचा. वाजला की आठही जणांनी हातातलं काम सोडून बाहेर पडायचं. बाहेर खायचा सोडा घातलेल्या पाण्याची घागर असायची. चूळ भरायची, दहा मिनिटं लिंबाखाली बसायचं, मग आत. साहेब आला असो, मालाची गाडी खोळंबलेली असो, रूळ वाजला म्हणजे वाजला. नवा माणूस लवकर वाजवायचा, तेव्हा जुने गालात हसायचे. चाचा त्यांना झापायचे, "पयला वाजिवणाऱ्याला जो हसंल, त्याची गाठ माझ्याशी हाय."

मी रसायनशास्त्राची पदवीधर. मला या नियमाचं भारी कौतुक. लिटमसची पट्टी आम्लात लाल होते, तसे हे आठ जणांचे दात म्हणजे आठ दर्शकच, असं मी कुणालाही सांगायची. कौतुक फुकट असतं.

मग श्वासकवच आलं.

ते शोधलं विद्याधर इनामदार सरांनी. कॉलेजात मला रसायनशास्त्र त्यांनीच शिकवलं. ब्युरेटमधून, म्हणजे तोटी असलेल्या मापाच्या काचनळीतून, थेंब थेंब आम्ल सोडताना माझा हात थरथरायचा, तर माझ्या कोपराखाली डस्टर ठेवून ते म्हणायचे, "घाई करू नकोस. चोवीस मिली काहीही होणार नाही, आणि मग एका थेंबात सगळं होईल. तो थेंब चुकला तर सगळं चुकलं." अभेद्यमधली नोकरीही त्यांच्याच शब्दावर मिळाली होती. मी त्यांना देवाच्या जागी मानत होते, हे लिहिताना आज माझेच दात आंबतात.

आता थोडं शास्त्र, कारण त्याशिवाय माझा राग कळायचा नाही. आम्ल म्हणजे जे हायड्रोजनचे आयन सोडतं. आम्लारी म्हणजे जे ते उचलून घेतं. मोकळे आयन किती आहेत, ते सामू, म्हणजे पीएच, या आकड्याने सांगतात. सात म्हणजे ना आम्ल ना आम्लारी. सातच्या खाली उतराल तसं आम्ल वाढतं, आणि दर पायरीला दहा दहा पटीने वाढतं. साध्या पाण्यात आम्लाचा एक थेंब टाका, सामू धाडकन खाली येतो. पण काही द्रावणं अशी असतात की त्यांत आम्ल टाकलं तरी आत बसलेली आम्लारी ते गुपचूप गिळते आणि सामू जिथल्या तिथे राहतो. त्याला बफर म्हणतात. आपल्या रक्तातही तो असतो.

सरांनी तोंडात, घशात आणि श्वासनळीत मारायचा एक फवारा बनवला होता. त्यात जिभेलाही न जाणवणारे सूक्ष्म कण होते. सकाळी एकदा फवारा मारला की ते आतल्या ओल्या पडद्याला चिकटून बसायचे. आम्लाची वाफ आली की जेवढी आली तेवढेच कण विरघळायचे आणि तिला जागच्या जागी मारायचे. साधा बफर आम्ल वाढत गेलं की थोडी तरी कुरकूर करतो, सामू हळूहळू घसरतो. सरांच्या कणांनी तीही कुरकूर बंद केली. सामू सात पूर्णांक दोन, एकदम स्थिर. त्यांना त्याचाच अभिमान होता.

त्यांनी कँटीनमध्ये प्रयोग करून दाखवला. काचेच्या एका भांड्यात पाणी, दुसऱ्यात फवाऱ्याचं द्रावण, दोन्हीत आम्लाने रंग बदलणारा वैश्विक दर्शक घालून हिरवा रंग आणलेला. पाण्यात आम्लाचा एक थेंब टाकला, लाल झालं. द्रावणात थेंबांमागून थेंब टाकत राहिले, हिरवंच. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

चाचा मागे उभे होते. त्यांनी विचारलं, "साहेब, म्हंजे वाफ कमी हुणार, का आमाला ती कळायची बंद हुणार?"

सर हसले. "अहो चाचा, त्रासच होणार नाही, तर कळायचंय काय?"

सगळे हसले. चाचा हसले नाहीत.

पुढचं सगळं इतकं शिस्तीत झालं की आठवलं तरी मुठी वळतात. आतापर्यंत शेडच्या हवेत आम्ल किती, यावर सरकारी मर्यादा होती. सरांनी आणि कंपनीने सुरक्षा मंडळाकडून तात्पुरती परवानगी आणली, की श्वासकवच असेल तिथे हवा न मोजता माणूस मोजावा. माणसाच्या तोंडातला सामू ठीक, तर शेड ठीक. हवा स्वच्छ करण्यापेक्षा माणूस सरावाचा करणं स्वस्त पडतं, हे त्यांनी असं उघड म्हटलं नाही, एवढंच. पहिल्याच आठवड्यात छतावरचे निम्मे पंखे बंद झाले. टाक्या तापवायला सुरुवात झाली, कारण गरम आम्लात गंज लवकर निघतो. वाफ तिपटीने वाढली. हवा मोजणारं यंत्र नोंद करत राहिलं, फक्त त्याचा भोंगा काढून टाकला. सोड्याची घागर उचलली. रूळही उतरवला, कारण चोवीस दिवसांत तो एकदाही वाजला नव्हता.

ते चोवीस दिवस चाचणीचे होते आणि चाचणी माझ्याकडे होती. रोज दुपारी तीनला, म्हणजे पाळीच्या आठव्या तासाला, आठही जणांच्या जिभेवर सामूची पट्टी ठेवायची. रंग बघायचा, आकडा लिहायचा, पुढे 'रीडिंग नॉर्मल आहे' आणि सही. सात पूर्णांक दोन. सात पूर्णांक दोन. चोवीस गुणिले आठ, एकशे ब्याण्णव पट्ट्या, आणि एकही वेगळी नाही. अहवालाच्या शेवटी मी लिहिलं, 'आठ तासांनंतर सामूत घट शून्य.' त्याखाली कंपनीने आपलं वाक्य जोडलं, 'सबब बारा तासांची पाळी सुरक्षित.' दोन्हींच्या खाली माझी सही होती.

भरमा खुशीत होता. "अक्का, खोकला म्हणून न्हाई बघ. मैदानात उभं ऱ्हायल्यागत वाटतंय आत."

चाचा मात्र एक दिवस प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभे राहिले. टोपी काढून हातात धरली होती. "पोरी, येक इचारू? काल मला वाफंत पयली टाकी दिसंना. समोर हाय, पर दिसंना. आन दात गप. हे बरं न्हवं. दातांनी बोलाय पायजे."

मी मान वर न करता म्हणाले, "चाचा, रीडिंग नॉर्मल आहे."

ते टोपी घालून गेले. मी पुढची पट्टी बघत होते.

बारा तासांच्या पाळीचा पहिला दिवस. सकाळी सातला भरमाने फवारा मारला. चाचणी संपली होती, तरी सवयीने तीनला मी पट्टी घेतली, सात पूर्णांक दोन. जाताना त्याने माझ्या वहीवरचं पेन कानाला अडकवून नेलं. चार वाजून दहा मिनिटांनी तो पहिल्या टाकीपाशी कोसळला. आधी खोकला नाही, ठसका नाही, काही नाही. उभा होता आणि खाली बसला. चाचांनी त्याला दोन्ही काखांत हात घालून बाहेर ओढला. बाकीच्यांना त्यांनी शिव्या घालून हाकललं, म्हणून ते घसा भाजण्यावर सुटले. भरमाच्या तोंडाला फेस होता आणि फेसात लाल होतं. ते पेन अजून त्याच्या कानालाच होतं.

कोल्हापूरच्या दवाखान्यात तो चौदा दिवस मशीनवर होता. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं आतून भाजली आहेत, जगेल, पण पहिल्यासारखा श्वास आता विसरा.

तिसऱ्या दिवशी मी प्रयोगशाळेत गेले आणि जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं. श्वासकवचची बाटली घेतली, ब्युरेट लावलं आणि द्रावणात आम्ल सोडत गेले, सामू हलेपर्यंत. शेडमधल्या यंत्रात त्या दिवशीच्या हवेची नोंद होती. तिच्यावरून एक माणूस तासाला किती आम्ल ओढतो ते काढलं. माझ्या ब्युरेटमधला एक मिली म्हणजे शेडमधली वीस मिनिटं. सामू कोसळला तो साडेसत्तावीस मिलीला. साडेसत्तावीस गुणिले वीस, पाचशे पन्नास मिनिटं. नऊ तास दहा मिनिटं.

गणित इतकं बरोबर आलं की मी भांडं भिंतीवर फेकलं.

सामू फक्त मोकळे आयन मोजतो. गिळलेले मोजत नाही. किती कण उरलेत, हे पट्टीला कळतच नाही. शेवटचा कण असला तरी पट्टी सात पूर्णांक दोनच सांगणार. मी एकशे ब्याण्णव वेळा आकडा वाचला आणि एकदाही ब्युरेटला हात लावला नाही. सबंध कॉलेजात थेंब मोजायला शिकलेली बाई मी.

संध्याकाळी सर आले. त्यांनी एक छापील कागद माझ्यापुढे ठेवला. 'कामगार भरमगोंडा मगदूम यांनी सकाळी पूर्ण मात्रा घेतली नसल्याचे निदर्शनास आले.' खाली माझ्या सहीची जागा.

"त्याने माझ्यासमोर घेतली होती," मी म्हणाले.

"त्रिशला, शांत डोक्याने ऐक. पुढच्या महिन्यात मंडळाची समिती येते आहे. परवानगी कायम झाली तर राज्यातल्या चार हजार शेडमध्ये हे जाईल. किती दात वाचतील, किती घसे वाचतील, विचार कर. एका माणसाच्या अपघातावरून..."

"तो माणूस माझा भाऊ आहे."

"म्हणूनच सांगतो, बहीण म्हणून नको, केमिस्ट म्हणून बघ."

"केमिस्ट म्हणूनच विचारते. कण संपतात, हे तुम्हाला माहीत होतं?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. वर्गात अवघड प्रश्न आला की तसेच पुसायचे. "बफर संपतो, हे बारावीच्या पोरालाही माहीत असतं."

"मग?"

"मग तुलाही माहीत होतं."

ते पुढे म्हणाले, अगदी मायेने म्हणाले, त्याचाच मला जास्त संताप आहे, "आठव्या तासाची पट्टी मी घेतली नाही, तू घेतलीस. माझी सही कुठेच नाही. हे प्रकरण वर गेलं तर सगळ्यात आधी तू सापडशील. कागद ठेवून जातो. घाई करू नकोस."

घाई करू नकोस! माझ्या कोपराखाली डस्टर ठेवणारा तोच आवाज.

भरमाची नळी निघाली त्या दिवशी मी त्याला सगळं सांगितलं. पट्ट्या, सह्या, चाचांचं ते विचारणं आणि माझं उत्तरही. मग कष्टाने कूस बदलून त्याने भिंतीकडे तोंड केलं. त्यानंतर तो माझ्याशी बोलला नाही. आईशी बोलायचा, दोन दोन शब्दांवर थांबून. मी खोलीत आले की गप्प. मला वाटायचं त्याने शिव्या द्याव्यात. पण शिवीलाही दम लागतो.

समिती आली ती कँटीनमध्येच बसली. अध्यक्ष होत्या खोब्रागडे मॅडम, नागपूरकडच्या, एकेक कागद बोट ठेवून वाचणाऱ्या. सरांनी आधी तोच दोन भांड्यांचा प्रयोग दाखवला. पाणी लाल, द्रावण हिरवं. मग त्यांनी अपघाताचा विषय स्वतःच काढला. "दुर्दैवी घटना आहे. मात्रा पूर्ण न घेतल्याचा अहवाल आमच्या केमिस्ट सादर करतील."

मी उठले. तो छापील कागद, सहीविना, मॅडमपुढे ठेवला. म्हणाले, "यावर मी सही करणार नाही. मला सरांचाच प्रयोग पुढे चालू ठेवायचा आहे. त्यांनी तो अर्धवट सोडलाय."

ब्युरेट मी पिशवीतून आणलं होतं. ताजं द्रावण घेतलं, दर्शक घातला आणि तोटी सोडली. "एक मिली म्हणजे त्या शेडमधली वीस मिनिटं," मी सांगितलं, आणि हिशेबाचा कागद व यंत्राच्या नोंदी समितीकडे दिल्या.

तीन मिली, एक तास. हिरवं. बारा मिली, चार तास. हिरवं. सर म्हणाले, "त्रिशला, मुद्दा कळला आहे सगळ्यांना." मी थांबले नाही. एकवीस. बावीस. तेवीस. चोवीस.

चोवीसला मी तोटी बंद केली. "आठ तास. मी इथे पट्टी घेत होते." पट्टी बुडवून मॅडमच्या हातात दिली. "वाचा."

"सात पूर्णांक दोन."

"घट शून्य. मी हेच लिहिलं होतं. आता बघा."

पंचवीस हिरवं. सव्वीस हिरवं. सत्तावीस हिरवं. यावेळी माझ्या कोपराखाली काही नव्हतं. सत्तावीस पूर्णांक चार, हिरवं. पुढचा थेंब पडला आणि भांडं लालभडक झालं. मागे कुणीतरी 'आई गं' म्हणालं.

"नऊ तास दहा मिनिटं," मी म्हणाले. "इथे माझा भाऊ पडला. पाळी बारा तासांची, म्हणजे छत्तीस मिली. अजून साडेआठ मिली त्याने या लालमध्ये उभं राहून काम करायचं होतं, आणि शेवटच्या थेंबापर्यंत त्याला काही कळणार नव्हतं, कारण कळण्याची सोयच आपण काढून टाकली. ते पहिलं भांडं बघा, साध्या पाण्याचं. त्याने पहिल्या थेंबाला सांगितलं होतं. आपण टाळ्या वाजवल्या त्या न बोलणाऱ्या भांड्याला."

सर उभे राहिले. "हा मात्रेचा प्रश्न आहे. दुसरी मात्रा देता येईल, त्यात काय..."

चाचा मागून म्हणाले, "मग वाफ आनखी वाढिवशीला. मग तिसरी द्याल."

सर बसले.

खोब्रागडे मॅडमनी अहवालाच्या शेवटच्या पानावर बोट ठेवलं. "बारा तास सुरक्षित. याखाली सही कुणाची आहे?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना वाटलं असेल, आता ही अडखळेल.

"माझी," मी म्हणाले. "त्रिशला बाळगोंडा मगदूम. एकशे ब्याण्णव पट्ट्या आणि हा अहवाल. सगळ्या सह्या माझ्या आहेत. पण शोध यांचा आहे आणि कण संपतात हे यांना माहीत होतं, तेही लिहून घ्या."

त्यांनी लिहून घेतलं.

परवानगी रद्द झाली. पंखे सगळे लागेपर्यंत आणि टाक्या थंड होईपर्यंत शेड बंद राहिली, त्यात साडेतीन महिने गेले. मला प्रयोगशाळेतून काढलं, ते बरोबरच झालं. पाच वर्षं कुठल्याही चाचणीवर सही करायची नाही, असा आदेश निघाला, तोही बरोबर. सरांचं अपील चालू आहे. परवा एका वाहिनीवर ते सांगत होते की शोध निर्दोष आहे, वापरणाऱ्यांनी निष्काळजीपणा केला. मी टीव्ही बंद केला आणि रिमोट आपटून फोडला. आईने तुकडे गोळा केले.

शेड उघडायच्या आदल्या दिवशी चाचा घरी आले. "सात माणसं हायत. साखळीला आठवा पायजे."

आठव्याची जागा भरमाची होती. मी जाते म्हणाले. भरमाला त्यांनी बाहेरचं काम दिलं होतं, दाराशी बसून घागरीवर लक्ष ठेवायचं. तिथवर चालत जायला त्याला दोन ठिकाणी थांबावं लागतं.

पहिला दिवस. रूळ पुन्हा टांगलेला, खाली पाना. मी पहिल्या टाकीपाशी, साखळी हातात. पंखे धडधडत होते, टाकी स्वच्छ दिसत होती. तासाभराने जिभेच्या कडांना पाणी सुटलं. मग खालचे दात. मग वरचे. बारीक, बोचरी कळ, हिरड्यांपर्यंत जाणारी. अहवालात मी ज्याला 'अस्वस्थतेची तक्रार' असं नाव दिलं होतं ती हीच. चोवीस दिवस आठ माणसांकडून मी ही काढून घेतली होती.

मी रूळ वाजवला नाही. मुद्दाम नाही. साखळी अडकवली, माल सोडला, दुसरी साखळी घेतली. मनात मोजत होते. एक, दोन, तीन. एकशे ब्याण्णवपर्यंत मोजायचं आणि मग वाजवायचं, असं काहीतरी वेडं डोक्यात बसलं होतं. डोळ्यांतून पाणी येत होतं. चाचा पलीकडच्या टोकाला होते, त्यांना दिसत नव्हतं.

माझी जीभ दातांवरून फिरत होती. ते मला कळत नव्हतं. दात आंबलेला माणूस तसंच करतो, आणि त्या शेडच्या दाराशी बसलेल्या एकाला ते चांगलं माहीत होतं.

"अक्का!"

चार महिन्यांनी ऐकला तो आवाज. खरखरीत, फाटलेला, भरमाचाच. मी वळून पाहिलं. तो दाराची चौकट धरून उभा होता, तोंड रागाने लाल.

"येकशे... ब्याण्णव येळा..." तो थांबला, छाती धरून श्वास ओढला. "सही केलीस... आन येकदा..." पुन्हा थांबला. पंचेचाळीस सेकंद घुमवणारा माझा भाऊ एका वाक्यासाठी तीनदा थांबत होता. "येकदा रूळ... वाजवाय... हुईना तुला?"

मी साखळी सोडली, पाना उचलला आणि रुळावर हाणला. सात माणसं काम टाकून दाराकडे निघाली. कुणी हसलं नाही.

बाहेर भरमाने घागरीतून तांब्या भरून माझ्यापुढे केला. बघत होता दुसरीकडेच.

"पयली चूळ थुकायची," तो म्हणाला. "गिळायची न्हाई."